मॉरिस मायनरचा पेट्रोल पंप मध्येच गप्प होतो : नवा पंप घेण्याआधी एक बल्ब लावून बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. माझ्या शब्दांत परत सांगतो, काही चुकत असेल तर दुरुस्त करा. १९५८ ची मॉरिस मायनर १०००, इंजिन मूळचं ९४८ सीसी, डायनॅमो आणि पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला) तसंच ठेवलेलं. साताऱ्यात गावातल्या गावात झकास चालते, पण हायवेला लागून अर्धा-पाऊण तास झाला की आचके द्यायला लागते आणि बंद पडते, पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढाला तर हमखास. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू, आणि कधीकधी पंपावर पान्याच्या दांड्याने टोला दिला की लगेच चालू. मिस्त्रींनी प्लग, कंडेन्सर, कॉइल बदलून झालं, कार्बोरेटर साफ करून झाला, मग पंपाच्या वायरला मीटर लावला तर १२.४ व्होल्ट दाखवतोय, म्हणजे करंट येतोय, म्हणजे पंपच मेला, आता तो काढून युनिव्हर्सल इलेक्ट्रिक पंप टाका असा सल्ला मिळालाय. आणि तुम्ही विचारताय की कुठला पंप घेऊ.

माझं सरळ म्हणणं असं की सध्या कुठलाच घेऊ नका. पंप वाईट असूही शकतो, नाही असं मी म्हणत नाही, इथे बसून छातीठोक सांगता येणार नाही. पण तुम्ही जे सांगितलंय त्यातलं एकही पंप गेल्याचा पुरावा नाही. टोला मारल्यावर चालू होणं हा पुरावा नाही आणि मीटरवरचे १२.४ तर अजिबातच नाहीत. खरा प्रश्न एवढाच की पंप ज्या क्षणी गप्प असतो त्या क्षणी करंट त्याच्यापर्यंत पोचतोय का, आणि पोचत असेल तर पंप तो घेतोय का. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही गाडी बंद पडलेली असतानाच तपासायच्या. गाडी गार होऊन परत सुरू झाल्यावर गॅरेजमध्ये सगळं ठीकच दिसतं, म्हणून तर तुमचे एवढे पार्ट बदलून झाले.

आधी पंप कसा चालतो ते थोडं सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुमच्या गाडीत बॉनेटच्या आत मागच्या पत्र्यावर बसलेला एसयू कंपनीचा एल टाइप पंप आहे. आत एक कॉइल, कॉइलसमोर लोखंडी चकती, चकतीला डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा, जोडलेला. करंट आला की कॉइल चकतीला ओढते, डायफ्रॅम मागे जातो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल पंपात येतं. चकती पूर्ण ओढली गेली की बेकेलाइटच्या काळ्या टोपीखाली असलेला रॉकर उलटतो आणि पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, उघडतात, करंट तुटतो. आता स्प्रिंग डायफ्रॅमला पुढे ढकलते, पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं, शेवटी रॉकर परत उलटतो, पॉइंट मिटतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. टिकटिक ऐकू येते ती या रॉकरची. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की करंट फक्त ओढायचं काम करतो, ढकलायचं काम स्प्रिंगचं. त्यामुळे कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठवणारी वाटी, भरला आणि तिथल्या फ्लोटने उचललेल्या नीडलने तोंड बंद केलं की स्प्रिंगला पुढे जायला जागाच राहत नाही, पॉइंट उघडेच राहतात आणि पंप शांत बसतो. चावी चालू आणि पंप गप्प, म्हणजे बिघाड असंच नाही, पोट भरलं म्हणूनही गप्प असतो.

म्हणजे गप्प बसण्याचे दोन प्रकार झाले. एक, पॉइंट उघडे असताना गप्प, तेव्हा पंप करंट घेत नाही आणि अंग गार असतं. दुसरा, पॉइंट मिटलेले असताना गप्प, म्हणजे कॉइल ओढतेय पण डायफ्रॅम शेवटपर्यंत येत नाहीये, तेव्हा करंट सतत वाहतो आणि पंप हाताला चांगला गरम लागतो. हा दुसरा प्रकार धोक्याचा आहे, अशा अवस्थेत चावी चालू ठेवून बसलं तर आतली कॉइल आणि तिच्यासोबतचा रेझिस्टर भाजून निघतो. म्हणून गाडी बंद पडली की पहिलं काम, पंपाला हात लावून बघा आणि ते लक्षात ठेवा. फुकटची टेस्ट आहे आणि कोणी करत नाही.

आता टोल्याबद्दल. पॉइंट काळे पडले असतील तर टोल्याने हलतात, क्षणभर चिकटतात आणि पंप सुरू होतो, हे खरं. पाऊसभर उभ्या असलेल्या मायनरला पहिल्या दिवशी असा टोला लागतोच. पण तुम्ही पंपावर मारता तेव्हा पंपाचा ब्रॅकेट हलतो, ब्रॅकेटखालचा अर्थ (पंप आणि बॉडी यांच्यातला विजेचा जोड) हलतो, टोपीवरच्या नटाखालचा वायरचा लग (वायरच्या टोकाचं कडं) हलतो, आणि शेजारी कार्बोरेटरला गेलेला पाइप हलून फ्लोटची अडकलेली नीडलसुद्धा सुटू शकते. चार संशयित एका फटक्यात हलले, मग त्यातला कोण चोर हे टोल्यावरून कसं ठरवणार. टोला हा इलाज म्हणून रस्त्यात चालतो, निदान म्हणून नाही.

मीटरचंही तेच. चांगला डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वायरचा एकच तंतू शिल्लक असला किंवा लगवर हिरवी बुरशी चढलेली असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. पंपाने खरा करंट मागितला की तेच १२ व्होल्ट सहा-सात वर येतात. म्हणून मी या कामाला मीटर नंतर काढतो, आधी ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन हात-हात लांब वायरी. तो १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे पंप ज्या प्रकारचं ओझं टाकतो तसंच ओझं तो लाइनवर टाकतो, आणि खोटं बोलत नाही, कारण लाइन कमजोर असेल तर तो मंद पेटतो आणि ते आंधळ्यालाही दिसतं. बल्बला प्लस-मायनस नसल्यामुळे पॉझिटिव्ह अर्थचा गोंधळही होत नाही. मीटर वापरणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो, तुमच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला आहे, काळा प्रोब सवयीने बॉडीला लावलात तर आकडा उणे येईल, घाबरू नका.

त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की करा की बंद पडते ती पेट्रोलमुळेच. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी रडते, आचके देते, चोक ओढला की थोडी सावरते, मग मरते. इग्निशन गेलं तर बहुतेक वेळा चावी फिरवल्यासारखी एकदम बंद. तुम्ही आचके लिहिलेत म्हणून माझा कल पेट्रोलकडे आहे, पण चोकचं लिहिलं नाहीत, तेवढं पुढच्या वेळी बघा. अजून एक, लुकासच्या रंगांप्रमाणे पांढरी वायर म्हणजे चावी चालू केल्यावर जिवंत होणारी आणि फ्यूज नसलेली लाइन, तीच इग्निशन कॉइलला जाते आणि तीच पंपाला. चावीचा स्विच आतून गरम होऊन सोडत असेल तर स्पार्क आणि पंप दोघंही एकदम जातात. तेव्हा लक्षण इग्निशनचं दिसतं, लोक कॉइल बदलतात, आणि काही फरक पडत नाही.

आता तयारी घरीच करा. अधूनमधून येणाऱ्या फॉल्टमध्ये अडचण अशी असते की रस्त्यात तुम्ही वायर काढायला हात लावला की तो जॉइंट हलतो आणि फॉल्ट पळून जातो. म्हणून छोटा पाच वॉटचा बल्ब घ्या, त्याची एक वायर पंपाच्या टोपीवरच्या टर्मिनलला लावा, दुसरी पंपाच्या अंगावर जो अर्थचा वेगळा स्क्रू असतो त्याला, बॉडीला नाही बरं का, पंपाच्या अंगालाच. दोन्ही वायरी व्यवस्थित इन्सुलेट करून, एक्झॉस्टपासून लांब ठेवून बल्ब आत डॅशबोर्डवर आणा आणि टेपने चिकटवा. दिसायला गावठी आहे, पण आठवडाभराचा प्रश्न आहे. चावी चालू केली की बल्ब पेटणार आणि पंपाच्या प्रत्येक टिकला किंचित थरथरणार, हे नॉर्मल. मग निघा हायवेला.

गाडी आचके द्यायला लागली की बल्बकडे बघा, तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

बल्ब विझलाय किंवा फारच मंद झालाय. मग पंप निर्दोष आहे, त्याला जेवायलाच मिळत नाहीये. लगेच बल्बची पंपाच्या अंगाला लावलेली वायर सोडवून थेट बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावा. आता लख्ख पेटला तर अर्थ खराब, पंपापासून बॉडीपर्यंतचा. तरीही मंदच असेल तर पांढऱ्या वायरीच्या बाजूने मागे मागे जा, टोपीवरचा लग, वाटेतले बुलेट कनेक्टर, फ्यूज बॉक्सवरचा स्क्रू, आणि शेवटी चावीचा स्विच. प्रत्येक जॉइंटला बल्ब लावत जायचं, ज्या जॉइंटच्या अलीकडे लख्ख आणि पलीकडे मंद, तो चोर.

अर्थचं जरा जास्त सांगतो कारण माझ्या अनुभवात या गाड्यांत फॉल्ट तिथेच जास्त वेळा निघतो. आमच्याकडे कोल्हापुरात एक मायनर आली होती, लक्षण अगदी तुमच्यासारखंच, पंप आधीच्या मालकाने नवा टाकलेला. गाडी मध्ये कुठेतरी डेंटिंग-पेंटिंगला जाऊन आली होती आणि काम सुंदर होतं, इतकं सुंदर की पंपाच्या ब्रॅकेटखालीसुद्धा प्रायमर आणि वर जाड रंग. ब्रॅकेटचे स्क्रू काढले तर आट्यांत रंग भरलेला, भोकाभोवती एक टाचणीएवढीसुद्धा उघडी जागा नव्हती. मग इतकी वर्षं पंप चालला कसा? तर अर्थ पेट्रोलच्या धातूच्या पाइपातून कार्बोरेटरला आणि तिथून इंजिनला जात होता. पुढे कोणीतरी तो पाइप कापून मध्ये रबरी होज टाकला आणि तो रस्ताही बंद झाला. उरला तो स्क्रूच्या एखाद्या आट्यातून कसाबसा मिळणारा अर्थ, गार असताना चालायचा, तापला की सोडायचा. बल्ब पंपाच्या अंगावर लावला तर निखाऱ्यासारखा लाल, तीच वायर बॅटरीच्या टर्मिनलला लावली तर पांढराशुभ्र. एका भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने काढला, दातेरी वॉशर टाकला, आणि पंपाच्या अर्थ स्क्रूपासून बॅटरीच्या अर्थपर्यंत वेगळी काळी वायर ओढली. तुमच्या गाडीचं रिस्टोरेशन झालंय असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा ही काळी वायर तर टेस्टच्याही आधी टाकून घ्या, नुकसान काहीच नाही.

दुसरी शक्यता, बल्ब लख्ख आहे, पण पंप गप्प. म्हणजे करंट दारात उभा आहे, प्रश्न आहे तो पंप घेतोय का. आता तो दुसरा, २१ वॉटचा बल्ब हातात घ्या. चावी बंद करा, पंपाची पांढरी वायर टर्मिनलवरून सोडवा, ती वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये बल्ब जोडा, सगळं घट्ट झाल्यावरच चावी चालू करा. हा क्रम पाळा कारण पंपाच्या टर्मिनलवर वायर टेकवून ठिणगी बघायची सवय पुष्कळ लोकांना आहे, आणि ते काम ते पेट्रोलच्या पंपावर वाकून करत असतात. शेजारी आग विझवायचा सिलेंडर असू द्या, आणि बिडी-सिगारेटवाल्या सल्लागारांना लांब उभं करा.

बल्ब पेटला म्हणजे पॉइंट मिटलेले आहेत आणि कॉइल करंट घेतेय. पंप टिकटिक करणार नाही, कारण अर्धा जोर बल्बच खातोय, त्याकडे लक्ष देऊ नका. हा तोच गरम अंगाचा गप्पपणा. पंप ओढायचा प्रयत्न करतोय पण डायफ्रॅम येत नाहीये. इथे टाकीकडून येणारी लाइन तपासा. सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा, सुस्स आवाज आला आणि पंप चालू झाला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, खर्च शून्य. ते नसेल तर पंपाच्या बुडाशी पितळी प्लग आहे, त्यात बारीक जाळी असते, ती काढून बघा. तिथे तांबूस गाळ सापडला तर तो टाकीतला गंज आहे आणि जाळी साफ करून तुम्ही फक्त पुढची तारीख घेताय. लाइन मोकळी असूनही डायफ्रॅम येत नसेल तर तो कडक झालाय, मग दुरुस्तीचं किट टाकायचं.

बल्ब पेटला नाही तर पॉइंट उघडे आहेत किंवा मिटलेले दिसत असूनही करंट नेत नाहीयेत. यातलं कुठलं? चावी बंद करा, बल्ब मध्ये तसाच ठेवून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पाइपचा जॉइंट फडकं धरून किंचित सैल करा. पेट्रोल फसकन आलं आणि चावी चालू केल्यावर बल्ब पेटला, तर पंपाचं पोट भरलेलं होतं, म्हणजे अडथळा पुढे आहे, फ्लोटची नीडल वर चिकटलीय. पंपाला दोष देऊ नका. पेट्रोल आलंच नाही आणि बल्बही पेटला नाही, तर आता टोला मारा. आत्ता टोल्याला अर्थ आहे, कारण बाकीचे संशयित तुम्ही आधीच बाजूला काढलेत. टोल्यासरशी बल्ब पेटला तर दोष पंपाच्या आत, बहुतेक पॉइंटच.

तिसरी शक्यता राहिली. बल्ब लख्ख आणि पंप गप्प तर नाहीच, उलट मशीनगनसारखा टकटकटक वाजतोय पण गाडीला पेट्रोल नाही. हे इलेक्ट्रिकल नाही. पंप हवा किंवा वाफ ओढतोय. टाकी मागे, पंप पुढे इंजिनाच्या खोलीत, म्हणजे अख्ख्या गाडीची लांबी तो पेट्रोल ओढत आणतो, आणि त्या वाटेत एक जॉइंट जरी सैल असला तरी पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळे खाली ओल दिसत नाही आणि माणूस फसतो. गरम इंजिनाशेजारून गेलेला पाइप असेल तर उन्हाळ्यात वाफही धरते. एप्रिल-मेच्या दुपारी घाट चढताना हे होतं, आणि तुमचं लक्षण याच्याशीही जुळतं बरं का, दहा-पंधरा मिनिटं थांबलं की ठीक. म्हणून टिकटिक ऐकणं महत्त्वाचं. तुम्ही प्रश्नात आवाजाबद्दल काहीच लिहिलं नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त तेच हवं होतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, बल्ब मंद म्हणजे वायरिंग किंवा अर्थ, बल्ब लख्ख आणि पंप गप्प म्हणजे मध्ये बल्ब जोडून बघायचं, बल्ब लख्ख आणि पंप पिसाळलेला म्हणजे हवा.

पॉइंटच निघाले तर काय करायचं? टोपीचा नट काढा, टोपी अलगद उचला. पॉइंट टंग्स्टनचे असतात. नुसते काळे असतील तर मधून जाड कोरं कार्ड ओढा, दोन-तीनदा, काळी रेघ यायची थांबेपर्यंत. खड्डे पडले असतील, एकावर खड्डा आणि समोर उंचवटा, तर बारीक कानस चालते पण ते काही महिन्यांचं काम आहे, नवा सेट टाका. आणि एवढ्या लवकर का जळले ते शोधा. करंट तुटताना होणारी ठिणगी मारायला आत व्यवस्था असते, काही पंपांत कपॅसिटर असतो, काहींत डायोड, ती मेली की पॉइंट पटापट जळतात. डायोडवाला पंप असेल तर पोलॅरिटी बघूनच जोडायचा. रॉकर जिथून अर्थ घेतो ती छोटी वेणीची वायर आणि तिचा टॅग बघायला विसरू नका, पॉइंट चकचकीत आणि तिथे बुरशी अशी गंमत पुष्कळदा असते.

रॉकर किंवा डायफ्रॅम बदललात तर सेटिंग करावं लागतं, त्यात लोक घाई करतात. डायफ्रॅम आट्यांवर आत फिरवत न्यायचा, हाताने दाबून सोडल्यावर रॉकर उलटेनासा होईपर्यंत. मग डायफ्रॅमच्या कडेवरच्या स्क्रूच्या भोकांच्या हिशोबाने एकेक भोक मागे आणत दाबून बघायचं, जिथे तो नुकता उलटायला लागेल तिथून अजून चार भोकं मागे, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. चकतीभोवतीचे पितळी रोलर पडू देऊ नका, अकरा असतात, मोजून ठेवा, एक टेबलाखाली गेला की अख्खी संध्याकाळ जाते.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठला पंप. समजा सगळं करून पंपच मेलेला निघाला, कॉइल भाजलेली निघाली, तरी बाजारातला युनिव्हर्सल पंप डोळे झाकून टाकू नका. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, ती कंपनी १९२६ मध्ये विल्यम मॉरिसने विकत घेतली, त्यामुळे तुमच्या गाडीत कार्बोरेटर आणि पंप एकाच घरातले आहेत आणि एकमेकांना जुळवलेले आहेत. हा पंप दीड पीएसआयच्या आसपास प्रेशर देतो आणि एसयूची फ्लोट नीडल तेवढंच धरायला बनलीय. कोणी सांगेल मारुतीचा टाका. कार्बोरेटरवाल्या ८०० चा पंप मेकॅनिकल आहे, इंजिनावर चालणारा, तो इथे बसतच नाही, आणि इंजेक्शनवाल्या गाड्यांचा पंप तीन बारच्या घरात असतो, म्हणजे चाळीस पीएसआयच्या वर. तो लावला तर नीडल उचलून पेट्रोल कार्बोरेटरमधून उतू जाणार. आणि बॉनेट उघडून बघा, तुमच्या ए-सिरीज इंजिनात कार्बोरेटरच्या बरोब्बर खाली काय आहे? एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. यापुढे मी काही बोलायची गरज नाही. मूळ पंपाचं किट मिळतं, नवा एसयू पंपही मिळतो, पॉइंटवाला आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही. इलेक्ट्रॉनिक घेणार असाल तर पॉझिटिव्ह अर्थचा मागा, उलटा लावला तर पहिल्याच चावीला मरेल. ज्यांच्या मायनरला आता अल्टरनेटर बसवलाय त्यांची गाडी बहुधा निगेटिव्ह अर्थ झालेली असते, त्यांनी आधी बॅटरी बघावी, कागदपत्रं नाही.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, ते कारण असू शकतं का. अचानक बंद पडून परत चालू होणं हे थेट इथेनॉलचं लक्षण म्हणून मी धरत नाही. पण जुन्या रबराला आणि जुन्या डायफ्रॅमला ते मानवत नाही, आणि इथेनॉल पाणी ओढतं, गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकीत गंज आणि पंपाच्या जाळीत गाळ. तेव्हा किट मागवताना इथेनॉल सहन करणारं मागा, रबरी होज नवे टाका, आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

एक सुधारणा मात्र मूळ नसली तरी मी सगळ्यांना करायला सांगतो, पंपाच्या पांढऱ्या वायरीत फ्यूज बॉक्सजवळ एक छोटा इनलाइन फ्यूज. मूळ वायरिंगमध्ये तो नाही, आणि साठ-सत्तर वर्षांच्या कापडी वायरीवर एवढा विश्वास बरा नाही. शोरूम-मूळ गाडी हवी असलेले मित्र यावर नाक मुरडतील, मुरडू दे.

तर पुढच्या फेरीला बल्ब लावून निघा, आणि बंद पडली की चार गोष्टी बघून लिहा, टोला मारायच्या आधी. टिकटिक कशी होती, डॅशवरचा बल्ब कसा होता, पंपाचं अंग गार की गरम, आणि चोक ओढल्यावर गाडी सावरली का. काळी अर्थ वायर टाकल्यानंतर फॉल्ट आलाच नाही तर तेही लिहा, आणि मिस्त्रींना तोपर्यंत कार्बोरेटरला हात लावू देऊ नका.